ओपन इलेक्टिव्हमध्ये इतिहास, तत्त्वज्ञान, गणित: "याचा उपयोग काय?" याला पालकसभेत उत्तर काय द्यायचं?

खाडीकाठ

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका महाविद्यालयातल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कक्षासाठी विचारतोय. प्रथम वर्षाची पालकसभा जवळ आलीय. मेजर, म्हणजे मुख्य विषयाबद्दल पालक फारसं विचारत नाहीत, तो बारावीच्या निकालाच्या दिवशीच घरी ठरलेला असतो. खडाजंगी होते ती ओपन इलेक्टिव्हवरून. नियमाप्रमाणे तो मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे कॉमर्सच्या मुलाला इतिहास किंवा तत्त्वज्ञान, आर्ट्सच्या मुलीला गणित. "माझा मुलगा सीए करतोय, त्याला शिलाहार राजांचा इतिहास कशाला?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला.

आपल्याकडून जाणारी उत्तरंही ठरलेलीच. "व्यक्तिमत्त्व विकास होतो", "चांगला नागरिक घडतो", "स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो". पहिल्या दोन वाक्यांवर पालक मान डोलावतात आणि विसरून जातात. तिसऱ्यावर मुलगा म्हणतो, मला कुठे परीक्षा द्यायचीय?

इथे बरेच विषयशिक्षक आहेत म्हणून नेमकं विचारतो. दोन क्रेडिटच्या, म्हणजे ३० तासांच्या पेपरात तुमच्या विषयाची किंमत मुलाच्या हातात दिसेल असं काय करून घेता येतं? आणि पालकांसमोर दहा मिनिटांत काय दाखवावं? कृपया करिअरच्या संधींची स्लाइड सुचवू नका, ती आधीच आहे.

---

दाखला_खिडकी

आधी एक सांगा, महाविद्यालय संलग्न की स्वायत्त? यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

स्वायत्त असेल तर अभ्यास मंडळात नवा पेपर मांडता येतो. संलग्न असेल तर अभ्यासक्रम विद्यापीठाचा, आणि त्यातलं एक एककही तुम्हाला हलवता येत नाही. तुमच्या हातात उरतात ते अंतर्गत मूल्यमापनाचे गुण. ६०:४० च्या हिशेबाने ५० गुणांच्या पेपरात ३० सत्रान्त परीक्षेचे आणि २० अंतर्गत. त्या २० गुणांत आपण बहुतेकदा काय करतो? १० गुणांची वस्तुनिष्ठ चाचणी, ५ ची असाइनमेंट (गुगलवरून उतरवलेली) आणि ५ हजेरी-वर्तनाचे. मग मुलांनी विषय कुचकामी ठरवला तर दोष त्यांचा नाही.

दुसरं, मुलं ओपन इलेक्टिव्ह कशावरून निवडतात याबद्दल आपण भ्रमात राहू नये. पहिला निकष वेळापत्रक. सकाळी सातचा तास असेल तर पनवेल-कळवा-दिव्याहून येणारे तो घेणार नाहीत, मग विषय कुठलाही असो. दुसरा निकष मित्र काय घेतोय. तिसरा, "या विषयात मार्क सुटतात का". विषयाचं महत्त्व या यादीत फार खाली येतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये जो पर्याय सगळ्यात वर तोच जास्त भरला जातो, आणि "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" ठेवलं की पहिल्या अर्ध्या तासात फॉर्म उघडणाऱ्यांनी सगळ्यांच्या वतीने निवड केलेली असते. पसंतीक्रम १ ते ४ मागवा, पर्यायांचा क्रम दर तुकडीला बदला आणि प्रत्येक पर्यायाखाली "यात तुम्ही काय कराल" अशी दोन ओळींची माहिती द्या. पेपरच्या नावावरून कुणालाच काही कळत नाही.

---

खाडीकाठ

संलग्न. एका तुकडीत १२०. प्रयोगशाळा किंवा संगणक कक्ष मिळणार नाही, मोबाइल सगळ्यांकडे आहेत. म्हणजे २० गुणांतच बसवायचं.

---

कंसातलं_नाव

इतिहासाबद्दल सांगते. १२० मुलं आणि २० गुण एवढं पुरतं, फक्त "प्रकल्प" हा शब्द वापरू नका. तो ऐकला की मुलं प्लास्टिक फाइल आणि रंगीत मुखपृष्ठ आणतात.

इतिहास म्हणजे सनावळी नव्हे हे सांगून पटत नाही, कागद हातात द्यावा लागतो. तुमच्या भागात सगळ्यात हाताशी असलेला कागद म्हणजे सातबारा. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली ९५ गावं प्रकल्पात आली. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ही आधी गावं होती, मग नोड, म्हणजे शहराचे नियोजित विभाग झाली. वर्गात मूळ गाववाल्यांची मुलं असतातच.

पद्धत अशी. सहा-सहांचे २० गट. प्रत्येक गटाला एक गाव. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकून विनास्वाक्षरी सातबारा फुकट पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा हवा असेल तर १५ रुपये, पण वर्गासाठी गरज नाही. त्यात दोन नमुने असतात, हे आधी फळ्यावर मांडा. नमुना ७ अधिकाराचा, नमुना १२ पिकाचा. मग कंसातली नावं शोधायला लावा. सातबाऱ्यावर हक्क गेलेल्या माणसाचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात, आणि शेजारी फेरफार क्रमांक असतो. इतिहास त्या क्रमांकामागे असतो. सातबारा म्हणजे आजची स्थिती. ती कशी आली, वारसाने, खरेदीने, वाटणीने की संपादनाने, हे फेरफार सांगतो.

इथेच मुलं घसरतात. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा असं समजून लिहितात. तो महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. हे एक वाक्य नीट कळलेला कॉमर्सचा विद्यार्थी उद्या फ्लॅट घेताना "सातबारा क्लिअर आहे साहेब" या दलाली वाक्याने भुलणार नाही. पालकसभेत हे जरूर सांगा, मान डोलावण्यापलीकडे काहीतरी होईल.

दुसरा कागद, ब्रिटिश काळातलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, १८८२ सालचं. मुंबई इलाख्याच्या मालिकेत तेराव्या खंडाचे दोन भाग आणि स्थळांचा चौदावा खंड. इंटरनेटवर फुकट आहे. त्यात पनवेल आणि उरण ठाणे जिल्ह्यातच सापडतात, हा मुलांना पहिला धक्का. आपल्या भागातली भातशेती, मिठागरं, मासेमारी यांवरची दोन पानं निवडून द्या. अख्खा खंड दिलात तर कुणी उघडणार नाही.

तिसरा कागद लोकांच्या बाजूचा. जानेवारी १९८४ च्या जासई परिसरातल्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावरचं एखादं स्मरणिकेतलं पान किंवा वर्तमानपत्राचं कात्रण. गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या संघर्षातून आली. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील हे नाव नवी मुंबईच्या विमानतळामुळे आज सगळ्यांना माहीत झालंय, पण त्यामागचा हिशेब मुलांना माहीत नसतो.

आता काम. तिन्ही कागदांना चारच प्रश्न विचारायचे: कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, आणि यात कोण गैरहजर आहे? गॅझेटिअरमध्ये शेतसारा आहे, पण कूळ काय म्हणत होतं ते नाही. सातबाऱ्यावर खातेदार आहे, पण त्या जमिनीवर मजुरी करणारी बाई नाही. खाडीत मासे धरणारा तर कुठल्याच उताऱ्यावर नाही, कारण खाडीला सर्व्हे नंबर नसतो. हे मुलांनी स्वतः शोधलं की वेगळं भाषण लागत नाही.

गुण: कागद मिळवून त्याची नोंद ४, चार प्रश्नांची उत्तरं ६, दोन कागद कुठे जुळत नाहीत यावर ३०० शब्दांची गटाची टिपणी ५, तोंडी ५. तोंडी परीक्षा गटाला ५ मिनिटं, २० गटांना १०० मिनिटं, दोन तासांत उरकते. तोंडीत टिपणीतलंच एक वाक्य वाचायचं आणि "हे कशावरून?" एवढंच विचारायचं. मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतलेली टिपणी तिथे उघडी पडते.

एक खबरदारी. सर्व्हे नंबर शिक्षकांनी आधी तपासून द्यावेत, आणि वर्गातल्या कोणाच्याही घरची जमीन देऊ नये. भावकीचे वाद वर्गात येतात.

---

पंचकोन

मॅडमनी सातबारा घेतला, गणिताला बिस्किटाचा पुडा पुरतो.

आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना गणित म्हणून आपण टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज पुन्हा शिकवतो. ते त्यांना आठवीत झालेलं असतं, आणि मुलं ओळखतात की आपल्याला कमी लेखलं जातंय. मी उलट म्हणेन, सगळ्यात "निरुपयोगी" वाटणारं गणित घ्या. सममिती, गटसिद्धान्त, भागाकारात उरणाऱ्या बाकीचं अंकगणित. आणि ते तपासणी अंकातून, म्हणजे क्रमांक नीट टाइप झालाय का हे पडताळणाऱ्या अंकातून न्या.

पहिला तास बारकोडचा. प्रत्येकाने कुठलाही पॅकबंद पुडा आणायचा. भारतात नोंदलेल्या कोडची सुरुवात ८९० ने होते. तेरा अंक असतात, शेवटचा तपासणीचा. पहिले बारा डावीकडून घ्या, विषम स्थानांना १ ने, सम स्थानांना ३ ने गुणा, बेरीज करा आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहा. तोच तेरावा अंक. नमुन्यासाठी ८९०१२३४५६७८९ घ्या. विषम स्थानांची बेरीज ८+०+२+४+६+८ = २८. सम स्थानांची ९+१+३+५+७+९ = ३४, तिप्पट १०२. एकूण १३०, दहाने पूर्ण भाग जातो, म्हणून तेरावा अंक ०.

मग प्रश्न टाका: दुकानदाराने हाताने अंक टाइप करताना शेजारचे दोन उलटे टाकले तर कळेल का? मुलं म्हणतात, हो. १ आणि ६ घ्या. १६ चे १ + ३×६ = १९. उलटे ६१ चे ६ + ३×१ = ९. दोन्हींच्या शेवटी ९. चूक पकडली जात नाही! मग अशा जोड्या शोधायला सांगा. दहा मिनिटांत वर्ग स्वतःच नियम काढतो: फरक ५ असला की चूक निसटते, कारण अदलाबदलीने बेरजेत फरक पडतो तो अंकांच्या फरकाच्या दुप्पट, आणि ५ ची दुप्पट १०. ही सिद्धता आहे, आणि ती कॉमर्सच्या मुलाने दिलेली असते.

दुसरा टप्पा डेबिट कार्डांवरची लून पद्धत. ती उजवीकडून मोजतात, एक सोडून एक अंक दुप्पट करतात, दुप्पट दोन अंकी झाली तर ९ वजा. तिच्यातून फक्त ०९ आणि ९० ची अदलाबदल निसटते. बाकी सगळ्या शेजारच्या अदलाबदली पकडल्या जातात.

तिसरा टप्पा आधार. आधार क्रमांकाचा बारावा अंक व्हरहॉफ पद्धतीने येतो. याकोबस व्हरहॉफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये ती मांडली. एका अंकाची चूक आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल, दोन्ही ती शंभर टक्के पकडते. कशामुळे? साध्या बेरजेत क्रमाला अर्थ नसतो, ३+४ तेच ४+३. व्हरहॉफने बेरजेऐवजी सम पंचकोनाच्या दहा सममिती घेतल्या, पाच फिरवण्याच्या आणि पाच उलटण्याच्या, आणि जोडीला स्थानानुसार बदलणारी अंकांची एक अदलाबदल. पंचकोनात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं.

हे फळ्यावर कधीच पटत नाही. पुठ्ठ्याचा पंचकोन कापून घ्या, कोपऱ्यांना १ ते ५ आकडे, दोन्ही बाजूंनी तेच. एकदा ७२ अंश फिरवून मग उलटा, एकदा आधी उलटून मग फिरवा. कोपरे वेगळ्या जागी येतात. पालकसभेतही हे दोन मिनिटांत होतं, आणि "अमूर्त बीजगणित तुमच्या खिशातल्या कार्डावर आहे" हे वाक्य त्यानंतर बोलावं, आधी नाही.

काय बिघडतं: बारकोड डावीकडून, कार्ड उजवीकडून. हे घोळलं की अर्ध्या वर्गाची उत्तरं चुकतात आणि तास हातचा जातो. दोन्ही एकाच दिवशी घेऊ नका. आणि कोणालाही स्वतःचा आधार किंवा कार्ड क्रमांक वहीत लिहायला लावू नका, काल्पनिक अंक द्या. एवढी समज आपण दाखवली नाही तर बाकीचं शिकवणं फोल आहे.

---

छेद_किती

वरचं सगळं उत्तम, पण पालकाचा मूळ प्रश्न पैशांचा आहे आणि तो कमी दर्जाचा नाही. कोपरखैरण्याच्या वन बीएचकेचा हप्ता भरणाऱ्या माणसाने "याने पोट भरेल का" विचारलं तर आपण पंचकोन फिरवून दाखवू नये, किंवा दाखवला तरी त्यानंतर आकडे द्यावेत. आणि ते दुसऱ्या कोणाचे नाही, स्वतःच्या महाविद्यालयाचे. आकडे तुमच्याकडे आहेतच. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, पाचव्या निकषासाठी विद्यार्थ्यांची प्रगती, म्हणजे नोकरी आणि उच्च शिक्षण, दरवर्षी गोळा होते. ती फाइल समन्वयकाच्या कपाटात झोपलेली असते.

मांडताना फसवणूक होते ती छेदात. समजा एका विभागातून ६० पदवीधर झाले, प्लेसमेंटसाठी नावं दिली २० जणांनी, नोकरी लागली १८ जणांना. बॅनरवर ९० टक्के. खरं तर ३०. नावं न दिलेल्या ४० पैकी काही बी.एड., एम.ए., एलएल.बी. ला गेले, काही घरच्या धंद्यात, काहींचा पत्ता नाही. पाच वर्षांच्या तुकड्यांचा एक तक्ता करा: एकूण पदवीधर, पुढे शिकणारे, नोकरीत, स्वतःच्या कामात, संपर्क नाही. शेवटचा रकाना लपवू नका. संपर्क नसलेले निम्म्याहून जास्त असतील तर टक्केवारी काढूच नका, फक्त संख्या द्या. आणि आपण नेहमी वर आणतो तो एक माजी विद्यार्थी, जो इतिहास घेऊन अधिकारी झाला, त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच वर्गात बसलेले बाकीचे कुठे आहेत?

पालक आणखी एक विचारतात: एका वर्षाने बाहेर पडता येतं ना? येतं. प्रथम वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट झाल्यावर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी ८० ते ८८ वर पदविका, पण बाहेर पडणाऱ्याला वरचे ४ क्रेडिट कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे पूर्ण करावे लागतात. हे न सांगता "मल्टिपल एक्झिट"चं कौतुक करू नये.

थोडं कडू बोलतो. विषय वाचवण्याच्या चर्चेत आपण मुलांबद्दल बोलतो, आणि डोक्यात असतो वर्कलोड. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन दाखवायचं असतं. मेजरला मुलं कमी झाली की ते ओपन इलेक्टिव्हमधून भरून काढायचे. ही अडचण खरी आहे, पण पालकाला ती वास आल्यासारखी कळते. म्हणून त्यांच्यासमोर विषयाची बाजू घेताना ज्याला हा पेपर नको त्याच्यासाठी दुसरा पर्याय कोणता, तेही त्याच सभेत सांगा.

---

हेत्वाभास

छेद_किती सरांशी सहमत, एका मुद्द्यावर भर घालतो. बाजारात मागणी आहे का हा एकच निकष धरला तर तत्त्वज्ञान पहिल्या फेरीत बाद होतं. पण मागणी फक्त बाजारातून येत नाही, काही ठिकाणी ती कायद्याने लिहून ठेवलीय.

नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ घ्या. माणसांवर औषधाची चाचणी करायची तर नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते. समितीत किमान सात सदस्य. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि संबंधित क्षेत्रातली एक स्वतंत्र व्यक्ती. या शेवटच्या जागेसाठी नियमात जी उदाहरणं दिलीत त्यांत समाजशास्त्रज्ञ आहे, तत्त्वज्ञ आहे, नीतितज्ज्ञ आहे. निम्मे सदस्य तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. ठाणे ते पनवेल पट्ट्यात मोठी रुग्णालयं आणि औषध कंपन्या आहेत, त्यामुळे हे पुस्तकी उदाहरण राहत नाही. तसंच २०१३ चा भूसंपादन कायदा. सामाजिक परिणाम अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञ गटात कलम ७ प्रमाणे दोन बिगरसरकारी सामाजिक शास्त्रज्ञ लागतात.

लगेच स्पष्ट करतो, समितीच्या बैठकांवर घर चालत नाही. पालकांना हे नोकरी म्हणून विकू नका. मुद्दा एवढाच, की डॉक्टर आणि वकील खोलीत असतानाही तिसऱ्या प्रकारचा विचार करणारा माणूस तिथे लागतो, हे कायदा करणाऱ्यांना पटलेलं आहे.

वर्गात करून घ्यायचं ते हेच. सात खुर्च्या, सात भूमिका आणि एक काल्पनिक मराठी संमतीपत्र, दीड पानाचं. त्यात तीन-चार दोष मुद्दाम पेरा. "आपला सहभाग ऐच्छिक आहे. मात्र सहभाग नाकारल्यास पुढील मोफत तपासणी मिळणार नाही." यात ऐच्छिक काय उरलं? "किरकोळ त्रास संभवतो." किरकोळ कोणाच्या मते? "आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार आपण सहभागी होत आहात." सल्ला देणारा आणि चाचणी घेणारा एकच असेल तर? प्रत्येक आक्षेप तीन ओळींत मांडायला लावा: दावा, त्याचा आधार, आणि आधारातून दावा निघतो का. मुलांना पहिल्या दोन ओळी जमतात. तिसऱ्या ओळीवर ती दावाच पुन्हा वेगळ्या शब्दांत लिहितात. नव्वद टक्के शिकवणं या तिसऱ्या ओळीचं आहे, आणि बँकेचा करार वाचणाऱ्या सीएला ती नको असेल असं मला वाटत नाही.

१२० च्या वर्गात सात खुर्च्या म्हणजे बाकीचे ११३ प्रेक्षक होतात, हे टाळा. एकाच वेळी १७ समित्या बसवा, एखाद्या समितीत आठ. गोंगाट होतो, होऊ द्या. शेवटी प्रत्येक समितीने एकच निर्णय लिहून द्यायचा: मान्य, दुरुस्तीसह मान्य, अमान्य, आणि मतभेद असलेल्या सदस्याची टीप. टीप नसेल तर दोन गुण कमी, कारण सातही जणांचं सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं म्हणजे बहुधा एकानेच लिहिलंय.

---

शुद्धलेखन_वही

मराठी आणि भूगोलाबद्दल थोडक्यात, कारण दोन्हींना विशेष समर्थन लागू नये.

मराठी: सोसायटीची सर्वसाधारण सभेची नोटीस आणा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची, नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची, हे पाळूनही त्या नोटिशीत नेमका कोणता ठराव येणार हे रहिवाशांना कळत नाही. ती १५० शब्दांत पुन्हा लिहायची, आशय न बदलता. अमराठी मुलं वर्गात असतील तर फारच छान, तेच खरे वाचक. त्यांना कळली तर नोटीस उत्तीर्ण.

भूगोल: नकाशे करण्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण संगणक नाही म्हणताय, तर मोबाइलवर इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ उघडा. ऐरोलीपासून वाशीपर्यंतच्या खाडीकाठाची तिवरं पाहायची. ठाणे खाडीला ऑगस्ट २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तिवरांचं क्षेत्र १००० चौरस मीटरहून जास्त असेल तर त्याभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा असतो. तो पट्टा कागदावर काढून त्यात काय काय येतं ते लिहायचं. दोन तासांचं काम.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. पालकसभेत पंचकोन आणि संमतीपत्रातलं ते पहिलं वाक्य घेतो, तक्ता मागवलाय. कंसातलं_नाव मॅडम, एक शंका. नोडमध्ये राहणारी मुलं आधी स्वतःच्या बिल्डिंगचाच सातबारा शोधणार. तो मिळाला नाही तर?

---

कंसातलं_नाव

शोधू द्या, त्यातूनच पुढचा तास उभा राहतो. सिडकोच्या भूखंडावर घर आपलं असतं, पण जमीन भाडेपट्ट्याची, मूळ करार ६० वर्षांचा. त्यामुळे मुलांना "माझ्या सोसायटीच्या नावाचा" उतारा हवा असतो आणि तो तसा दिसत नाही. अशा गटाला सोसायटीच्या सचिवांकडून भाडेपट्टा कराराचं फक्त पहिलं पान पाहायला सांगा: तारीख, पट्टा देणारा, घेणारा, मुदत, भूखंड क्रमांक. नाव-पत्ते उतरवून आणायचे नाहीत. चार प्रश्न तेच. कोण गैरहजर आहे, हा प्रश्न त्या पानाला विचारला की मुलं थेट मूळ गावाच्या सर्व्हे नंबरपर्यंत येतात. भूखंड क्रमांक आणि जुना सर्व्हे नंबर यांची सांगड मुलांना एकट्याने जमणार नाही. ती एका गावापुरती तुम्ही आधी करून ठेवा, नकाशाची झेरॉक्स ए-थ्री वर काढा, ए-फोरवर आकडे वाचता येत नाहीत.